काचेवरची साखर

मुलांनो, रविवारी व्हिडिओवर बोलताना माझ्यामागच्या खिडकीत तुम्हाला तळहाताएवढी एक काच दिसली आणि कडा झिजलेली काच आजी का जपते, असं तुम्ही विचारलंत. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. हल्ली आठवणी धूसर होऊ लागल्या आहेत, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. हंगामात पॅनच्या मजल्यावर गेलं की स्वप्नात चालल्यासारखं वाटायचं. पॅन म्हणजे खोलीएवढं बंद भांडं. त्यात उसाचा पाक उकळता उकळता साखरेचा दाणा धरतो. वाफेत माणसं अर्धीच दिसायची. उन्हाची तिरीप मधाच्या रंगाची होऊन खाली उतरायची आणि त्या तिरिपेत आमचे जुने पॅनमन उभे असायचे. कांडीने थेंब काढून ते काचेवर पसरायचे, काच उजेडाकडे धरायचे. दाणे चांदण्यासारखे लुकलुकायचे. पाक कुठवर आलाय, हे त्यांना त्यावरून कळायचं.

माझ्या निवृत्तीआधीच्या हंगामात पॅनला सेन्सर बसले, आकडे दाखवणारे संगणकाचे पडदे आले. वाफ वाचली की भट्टीत उसाचं चिपाड कमी जळतं, नदीचं पाणीही कमी उचलावं लागतं. मला ते मनापासून पटलं होतं. पॅनमध्ये घातलेलं पाणी वाफेनेच आटवावं लागतं, आणि पडद्यावर दिसलं की सगळ्यांत जास्त पाणी हे जुने पॅनमनच घालतात. मला टापटिपीची हौस. कोण किती पाणी घालतं, याचा मी पाळीवार तक्ता करून फलकावर लावला.

चहाच्या वेळी कुणीतरी त्यांना म्हणालं, "काय पाणीवाले, आज टँकर न्हाई आणला व्हय?" सगळे हसले. ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावला नाही. पडदा हिरवागार, म्हणजे आकडे सगळे ठीक. साखर मात्र पिठासारखी निघू लागली. ती विरघळवून पुन्हा उकळावी लागली, म्हणजे वाचवलेली वाफ गेलीच, वर आणखी गेली. वरिष्ठांनी त्यांना पॅनवरून काढून गोदामात पाठवायचं जवळजवळ ठरवलं.

मी तक्ता फलकावरून उतरवला आणि वर पॅनच्या मजल्यावर गेले. चूक माझी आहे, असं पॅनमनना सांगितलं. त्यांनी थेंब काढला आणि काच माझ्या हातात दिली. ठळक दाण्यांच्या मधे धुक्यासारखी भुकटी पसरली होती. ती विरघळवायलाच ते पाणी घालत.

"मॅडम, पाणी किती घातलं ते पडद्याला दिसतंय," ते म्हणाले. "कशापायी घातलं, ते दिसत न्हाई."

मी वरिष्ठांकडून थोडी मुदत मागून घेतली. मग कितीतरी दिवस ते काच बघत आणि त्याच क्षणी पडद्यावर काय आहे, ते मी टिपून घेई. आपणही सवयीने जरा जास्तच पाणी सोडतो, हे त्यांनी हळूच कबूल केलं. इतर पाळ्यांचे पॅनमनही येऊन आपापलं सांगू लागले. त्या सगळ्यावरून पाणी केव्हा आणि किती सोडायचं, याच्या यंत्रातल्या खुणा नव्याने बसवल्या. दाणा सुधारला, पाणी कमी लागू लागलं, हंगाम संपला तरी आवारात चिपाडाचा ढीग उरला होता. गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ही काच रुमालात गुंडाळून दिली. पुढे तेही घरी बसले. कारखान्यात पाणी सोडायच्या आधी पडद्यावर आम्ही तेव्हा घातलेली एक ओळ येते, 'काच पाहा.' ती अजून येते, आणि पाळीवरचा माणूस उठून काच पाहतो.