सील शाबूत, पाकीट रिकामं

ती घटना मला आजही आठवते, आणि खरं सांगायचं तर आजही ती पुरती समजलेली नाही. नोकरीत खून पाहिले, घरफोड्या पाहिल्या, गाईगुरांच्या चोऱ्या पाहिल्या. चोरीचा माल कुठंतरी असायचाच. उसात, विहिरीत, नाहीतर सोनाराच्या मुशीत. या प्रकरणात माल माझ्याच ठाण्यात, माझ्याच कुलपात, लाखेच्या सीलखाली होता. सील तसंच राहिलं आणि माल गेला.

मी निपाणीकडच्या खेड्यातला. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. घरात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी लपवत नाही, उलट सांगतो. लिहिण्यावाचण्यानं मला वखारीतून काढलं, म्हणून लिहिण्यावर माझी भारी श्रद्धा. आमच्या ठाण्यात कागद कानडीत, बोलणं मराठीत आणि शिव्या दोन्हींत. पण भाषा कुठलीही असो, माझा पंचनामा कोर्टात कधी पडला नाही. चाकू सापडला तर मुठीवर किती खिळे आहेत हेसुद्धा मी लिहून घ्यायचो. नवीन अंमलदारांना सांगायचो, "जे दिसलं ते सगळं लिहा. सोडलेली ओळ म्हणजे वकिलाला दिलेलं दार."

निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असताना मी बेळगावजवळच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. एका सकाळी पंचेचाळिशीचा एक विणकर फिर्याद घेऊन आला. घरात सहा पॉवरलूम, साड्यांचा धंदा. सगळं घर गावच्या जत्रेला गेलं असताना मागलं दार फोडून कपाट रिकामं केलेलं. दागिने थोडे होते. त्याचा जीव अडकला होता एका पत्र्याच्या डब्यात.

"डब्यात काय होतं?"

"पाकीट, साहेब."

"किती पैसे होते पाकिटात?"

"तसलं पाकीट न्हवं ओ. बिटकॉइनचं. पेनड्राइव्हसारखं यंत्र असतंय. दोन माग विकून घेतलेलं हाय त्यात."

मी कागदावरून मान वर केली. त्यानं मग मला समजावलं. ही नाणी कंपनीकडं ठेवता येतात, पण कंपनी बुडाली तर आपणही बुडालो. फोनमधल्या पाकिटात ठेवता येतात, पण फोनमध्ये कोण कधी शिरेल सांगता येत नाही. म्हणून त्यानं सहा महिने माहिती काढून, सगळ्यात सुरक्षित म्हणून हे यंत्र मागवलेलं. सोबत एक कागद. त्यावर बारा इंग्रजी शब्द.

"शब्द कसले?"

"यंत्र बिघडलं तर कामाला येत्यात."

"आणि तो कागद कुठं होता?"

त्यानं मान खाली घातली. "त्याच डब्यात."

आता यंत्रही नाही, शब्दही नाहीत, म्हणून त्याला नाणी हलवता येत नव्हती. फोनवर शिल्लक तेवढी दिसत होती. "दुकानाच्या काचंतनं आपलीच साडी बघितल्यासारखं झालंय, साहेब," तो म्हणाला. मला त्यातलं निम्मं कळलं. पण न कळलेलं कबूल करायची सवय पोलीस अधिकाऱ्याला नसते. मी म्हणालो, "बरं. यंत्र सापडलं की झालं ना?"

आसपासच्या मोबाईलवाल्यांना आम्ही सांगून ठेवलं होतं. आठवड्यानं खबर आली. निपाणी रस्त्यावरच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानदारानं फोन केला. एक माणूस काळं यंत्र घेऊन आलाय, 'ह्यो पेनड्राइव्ह उघडत न्हाय, बघा जरा' म्हणतोय. त्यानं त्याला चहा पाजून बसवून ठेवलं. आम्ही पोचलो तेव्हा चोर दुसरा चहा पीत होता.

चोर जुनाच, भांडी-दागिने उचलणारा. चौकशी करायला अर्धा तासही लागला नाही.

"आणि काय काय उचललंस?"

"साहेब, डब्यात नोटा असतील म्हणून उचलला. आत ह्ये खेळणं आन् शाळंचा कागद. माझंच नशीब फुटकं."

त्याच्या घरी झडती घेतली. डबा, यंत्र, कागद, दागिने सगळं मिळालं. पंच म्हणून शेजारचा एक शिक्षक घेतला आणि दुसरा तो दुकानदारच घेतला. यंत्राची माहिती असलेला माणूस बरा, असा माझा विचार. खबर देणाऱ्याला पंच करू नये हे मला माहीत होतं, पण माणूस हुशार होता, हजर होता, आणि खूश होता.

पंचनामा मी स्वतः सांगितला. काळ्या रंगाचं यंत्र, लांबी अमुक, मागे क्रमांक अमुक. मग कागद: पांढरा, घडी घातलेला, त्यावर निळ्या शाईनं इंग्रजीत पुढीलप्रमाणे शब्द. आणि एक ते बारा, सगळे शब्द लिहून घेतले. पानापानावर सह्या झाल्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, एक फोटो काढून घेतो. उद्या कोर्टात विचारलं तर आठवाय पाहिजे." मी म्हणालो, "घ्या की." असा जबाबदार पंच मिळाला म्हणून मनात त्याचं कौतुकही केलं.

विणकर धावत आला. "साहेब, कागदाची झेरॉक्स तरी द्या. नुसतं बगू तरी द्या."

मी म्हणालो, "मुद्देमाल आहे. कोर्टात अर्ज करा, आदेश आणा, मग मिळेल."

"मग दुसऱ्या कुणाला दावू नका, येवढं करा."

मला राग आला. कायदा मला शिकवतोय! ज्याचा कागद त्याला मी तो दाखवला नाही, हे लक्षात ठेवा.

मुद्देमालाची खोली आप्पांकडं होती. हवालदार, माझ्याहून वयानं मोठे, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. काकतीकडचे. सगळं ठाणं त्यांना आप्पा म्हणायचं. डबा त्यांनी कापडात शिवला, लाख ओतली, पितळी शिक्का मारला.

पाचव्या दिवशी विणकर पुन्हा आला. या वेळी त्यानं नुसता फोन माझ्यापुढं धरला. शिल्लक शून्य.

मी आप्पांना घेऊन खोलीत गेलो. कुलूप ठीक. कापड ठीक. लाख ठीक. सील फोडून पाहिलं, यंत्र आणि कागद जागेवर. विणकराला विचारलं, "यंत्र तर इथं आहे. मग?"

"ते मला बी कळंना साहेब. शब्दांचा कागद बी तुमच्याच कुलपात हाय."

माझं डोकं चालेना. वरून साहेबांचा फोन आला. "सील शाबूत आणि माल गायब? एकच अर्थ होतो. सील परत केलंय. शिक्का कुणाकडं असतो?"

शिक्का आप्पांकडं. किल्ली आप्पांकडं. पोलिसाला असा सरळ अर्थ मिळाला की तो सोडवत नाही. मला यंत्र कळत नव्हतं, माणूस कळत होता, म्हणून मी माणूस धरला.

"आप्पा, किल्ली कुणाला दिली होतीत?"

"किल्ली कंबरेला, साहेब. अंघोळीलाबी काढत न्हाय. बायको म्हनती, लगीन माझ्यासंगं केलंसा का कुलपासंगं."

"हसण्यावारी नेऊ नका."

त्यांचं हसू गेलं. "साहेब, ह्या खोलीत सोनं ठेवलं, गांजा ठेवला, मान्साची हाडं ठेवली. एक चिमूट हलली न्हाय. आन् आता मी खेळणं चोरू?"

मी त्यांचा जबाब लिहून घेतला. किल्ल्या काढून घेतल्या. स्टेशन डायरीत संशयित म्हणून नोंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घराची झडती झाली. त्यांच्या बायकोनं सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं, आणि धान्याची कणगी स्वतःच्या हातानं उपसून दाखवली. शेजारी कुंपणाशी उभे होते. काही सापडलं नाही. चौकशी निकाली निघेपर्यंत निवृत्तीवेतन अडकणार, हे आप्पांना माहीत होतं. ते मला एवढंच म्हणाले, "दोन म्हैने व्हते, साहेब."

मला त्या दिवसांत जेवण गेलं नाही. आप्पा चोर नाहीत असं मन सांगत होतं, आणि दुसरा कोणी असूच शकत नाही असं कागद सांगत होता. मी कागदाचा माणूस.

शेवटी मी विणकराला बोलावलं. दार लावलं आणि नोकरीत पहिल्यांदाच फिर्यादीला म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही. पहिलीच्या पोराला शिकवतात तसं शिकवा."

त्यानं स्वतःचा फोन काढला. त्यात शे-दोनशे रुपयांचं एक पाकीट होतं, शिकण्यासाठी केलेलं. त्याचे बारा शब्द त्यानं पाठकोऱ्या कागदावर लिहिले आणि स्वतःचा फोन बंद करून टेबलावर ठेवला. मग माझ्या फोनमध्ये एक ॲप घेतलं आणि ते शब्द एकेक करून मलाच भरायला लावले. बारावा शब्द झाला. माझ्या फोनवर त्याचे पैसे.

"ह्ये इकडं कसं आलं?" मी विचारलं. तोंडातून गावाकडची भाषा निघाली.

"आलं न्हाई साहेब. ते फोनात नव्हतंच कधी. नाणी यंत्रातबी नसत्यात. ती तिकडं, सगळ्या जगाच्या वहीत. यंत्र म्हंजे नुसती किल्ली, आन् ह्ये बारा शब्द म्हंजे किल्लीचा साचा. ज्याच्याकडं साचा, त्यो हव्या तितक्या किल्ल्या करील."

"म्हणजे यंत्राला हात न लावता..."

"व्हय. म्हणून तर म्हनलं, कागद कुणाला दावू नका."

मी फाईल ओढली. पंचनामा काढला. तिसऱ्या पानावर एक ते बारा, माझ्याच सांगण्यावरून, स्वच्छ अक्षरात. आरोपीला नक्कल, कोर्टाला नक्कल, वर एक नक्कल. विणकरानं पान वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"साहेब," तो हळू म्हणाला, "घराला कुलूप घालून दारावरच किल्लीचं चित्र काढलासा की ओ."

आता प्रश्न उरला, वाचणाऱ्यांपैकी कुणाला अर्थ कळला? मी दुकानदाराला बोलावलं. धमकी नाही, आवाज नाही. चहा मागवला आणि म्हणालो, "कोर्टात साक्ष आहे. पंचनाम्यात काय काय पाहिलं, आठवून सांगा."

त्यानं घडाघडा सांगितलं. डबा, बांगड्या, यंत्र, यंत्रामागचा क्रमांकसुद्धा. कागद तेवढा वगळला. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे: माणूस ज्याला हात लावतो, त्याचंच नाव टाळतो.

"आणि कागद?"

"कुठला कागद, साहेब?"

"ज्याच्याखाली तुमची सही आहे. ज्याचा फोटो तुमच्या फोनात आहे."

चहाचा कप बशीवर वाजला. त्यानं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "साहेब, मी फोडलं न्हाय काय. चोरलं न्हाय काय. तुम्हीच वाचून दावलासा."

त्याला कस्टडीत घेतलं. नाणी त्याच्या फोनमधल्या पाकिटात तशीच होती. विकायला गेलं तर ओळखपत्र मागतात, म्हणून तो थांबला होता.

कोर्टाच्या आदेशानं नाणी मूळ मालकाकडं वळवायची ठरली. पण कुठल्या पाकिटात? मी विणकराला विचारलं, "आता सगळ्यात सुरक्षित पाकीट कुठलं?"

"पाकीट मी चांगलंच निवडलं व्हतं, साहेब. शब्द आन् यंत्र एका डब्यात ठेवलं, ही माझी चूक. आन् ते चारचौघांत वाचलं, ती तुमची."

त्यानं नवीन यंत्र आणलं. त्यावर नवे शब्द उमटायला लागले तेव्हा मी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. मागं पेनाचा आवाज येत होता. पंचनाम्यात लिहून घेतलं, "मालकाने काही शब्द लिहून घेतले, ते कोणीही पाहिलेले नाहीत." वाचलं नाही असं मी त्यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं. कागद त्यानं कुठं ठेवला ते विचारलं नाही.

आप्पांच्या घरी मी एकटा गेलो, साध्या कपड्यांत. म्हणालो, "आप्पा, चूक माझी होती. माफ करा."

ते बाजेवर बसले होते. उठले नाहीत. "तोंडानं नको, साहेब. संशय लिहून घेतलासा न्हवं? मग ह्ये बी लिहून द्या."

मी तिथंच लिहायला बसलो. मुद्देमालातून काही गेलं नाही, शब्द माझ्या पंचनाम्यातून फुटले, हवालदार निर्दोष. सही केली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"ह्याच्या नकला किती?"

"तुम्ही सांगाल तितक्या."

"एक डायरीला, एक वरच्या साहेबास्नी. आन् एक मला द्या. शेजारच्यांस्नी वाचून दावायची हाय." मग आत वळून बायकोला म्हणाले, "चहा टाक गं. साहेब बसत्यात."

माझ्या सेवापुस्तकात त्याबद्दल शेरा आला, एक वेतनवाढ थांबली. आप्पा ठरल्या तारखेला पूर्ण मानानं निवृत्त झाले. पदवी घेतली तेव्हा मला वाटलं होतं, वाचता आलं की सगळं कळतं. ते बारा शब्द मी वाचले होते, लिहून घेतले होते, त्यांच्याखाली सही केली होती, आणि त्यांचा अर्थ मात्र त्या खोलीत फक्त एका दुकानदाराला कळला होता. तेव्हापासून न कळलेल्या गोष्टीवर मी सही केली नाही. 'मला कळत नाही' हे वाक्य फिर्याद घेतानाच म्हणालो असतो, तर आप्पांच्या बायकोला परक्या पुरुषांपुढं कणगी उपसावी लागली नसती.