कुंभार्ली घाट, सायकली आणि पहिलं बक्षीस

शर्यत भरवणाऱ्यांपैकी एकाला तरी सायकल चालवता येत होती की नाही, याची मला आजही शंका आहे. बाजारपेठेतलं ते मंडळ एरवी गणपतीत पडदा लावून सिनेमे दाखवायचं. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, पोफळीपासून कुंभार्लीच्या घाटमाथ्यापर्यंत सायकली पळवायच्या. मी तेव्हा पोफळीच्या वीजघरात नोकरीला होतो. ऐंशीनंतरची ती वर्षं; नुकतंच लग्न झालेलं, अंगात रग होती. रोज संध्याकाळी घाटातली पहिली काही वळणं चढून येत असे. साधी काळी सायकल, मागचं कॅरियर काढून टाकलेलं. मी नाव दिलं.

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. प्रमुख पाहुणे कौलांचे व्यापारी, ते आले ऊन चटके द्यायला लागल्यावर. मग नारळ, मग भाषण. तोवर आम्ही डांबरावर उभे. माझ्या शेजारी पुण्याहून आलेला एकजण होता. गिअरची सायकल, हातात पांढरे मोजे. त्याने माझ्या सायकलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तुम्हा लोकांकडे ताकद असते हो, पण टेक्निक नसतं."

असल्या माणसाशी बोलून तोंड कशाला विटाळायचं?

घाट सुरू झाला तशी गर्दी पांगली. काही पोरं पहिल्याच चढावर उतरून सायकली ढकलू लागली, आणि ढकलताना हसतही होती. त्यांचीही मला चीड आली. निम्म्या घाटात माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, घाम डोळ्यांत उतरून दिसेनासं झालं. तेवढ्यात कराडकडे जाणारा एक ट्रक रखडत मागून आला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"आरं धर की मागची साखळी! कशाला जीव देतोस?"

"शर्यत आहे," मी कसाबसा म्हणालो.

"मग तर धरच!"

मी मान हलवली. तो माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहत पुढे गेला. वरच्या वळणावर ट्रक पुन्हा मंदावला आणि दरीपलीकडे मला स्पष्ट दिसलं: पांढरा मोजा घातलेला एक हात साखळीला, आणि गिअरची सायकल आयती वर चाललेली.

घाटमाथ्यावर मी पाचवा आलो. पुणेकर पहिला. परीक्षक चहाच्या टपरीत भज्यांच्या बशीवर वाकले होते. मी धापा टाकत त्यांना सगळं सांगितलं. ट्रकचा ड्रायव्हर तिथेच बशीतून चहा पीत होता.

"व्हय, आलाय की आमच्या मागनं," तो आनंदाने म्हणाला. "ह्याला बी म्हणलं हुतं, पर हा गडी ऐकंना!"

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकजण तोंड पुसत म्हणाला, "ट्रक धरायचा नाही, असं आपण कुठे जाहीर केलं होतं?"

दुसरा आलेला माणूस डोंगरातल्या वाड्यांवर टपाल वाटणारा पोस्टमन होता. खरा पहिला तोच. त्याला म्हटलं, "तुम्ही तक्रार करा, मी साक्ष देतो." पहिल्याला मिक्सर होता, दुसऱ्याला भिंतीवरचं घड्याळ.

"नको हो," तो म्हणाला. "आमच्या वाडीत अजून लाईट नाय. मिक्सर नेऊन काय करू? घड्याळ बरं."

खाली आम्ही रात्रंदिवस वीज तयार करतो, आणि हा घड्याळावर खूश! मला त्याचाही राग आला.

मग विजेत्याचं भाषण झालं. जिद्द, सकाळचा व्यायाम, मोड आलेली कडधान्यं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलनीतल्या बायकांबरोबर एसटीने वर आलेली माझी बायकोही वाजवत होती.

"त्याला कसल्या टाळ्या वाजवतेस? ट्रक धरून आलाय तो."

ती थबकली. "मग तुम्ही खरं तर कितवे?"

"चौथा."

"म्हणजे बक्षीस नव्हतंच ना तुम्हाला?" तिने विचारलं, आणि लिंबूसरबताची बाटली पुढे केली. मी ती घेतली, कारण घसा सुकला होता.

परतताना सायकली आणि माणसं एकाच टेम्पोत कोंबली; बायकोही समोरच बसली. पुणेकर नेमका माझ्या शेजारी बसला, मिक्सरचा खोका मांडीवर घेऊन. घाट उतरायला लागलो तसा तो पेंगू लागला आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्याच्या केसांना सुगंधी तेलाचा वास येत होता. बराच वेळ मी तसाच बसून राहिलो. मग एका वळणावर खांदा अलगद काढून घेतला.

डोकं फळीवर आपटलं. तो दचकून उठला. "काय झालं?"

"वळण होतं," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून दरीकडे तोंड फिरवलं.