तुसाच्या गोणीवरचा फोनो

लग्न होऊन चौलजवळच्या त्या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बशीतला चहा थरथरताना पाहिला आणि बशी तिथेच टाकून मी अंगणात पळाले. मला वाटलं, भूकंप. अंगणात सासरे भाताच्या गोणी उतरवून घेत होते. त्यांनी नव्या सुनेकडे एकदा पाहिलं आणि सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "अगो, हिला काय झालं बघ." झालं काहीच नव्हतं. भिंतीपलीकडे आमची भाताची गिरणी होती आणि इंजिन सुरू झालं होतं, एवढंच.

इंजिन सुरू असेतो सगळं घर थरथरायचं. मांडणीवरची भांडी किणकिणायची, खिडकीचे गज झणझणायचे. पण खरा धक्का मला याचा बसला, की त्या घरात हे कुणालाच जाणवत नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "कुठं काय हलतंय?" मी त्याचा हात धरून भिंतीला लावला. म्हणाला, "भिंत आहे." पुढे मी विचारणं सोडून दिलं. वेड्यांच्या गावात शहाण्याने गप्प बसावं हे बरं.

माझा दीर मुंबईत एका पेढीवर कारकून होता. त्याला गाण्याचं भारी वेड. एका सुट्टीत त्याने चावीचा जुना फोनो आणला आणि माजघरातल्या टेबलावर ठेवला. हे टेबल बरोबर गिरणीच्या भिंतीला लागून. त्यावर भजनाच्या तबकड्या वाजायच्या, आणि त्यातला बुवा थंडी भरून आल्यासारखा कापत कापत देवाला आळवायचा. घरात सगळ्यांची समजूत, की बुवाची गायकीच तशी. दीर एकदा म्हणालाही होता, "मुंबईत हाटेलात हेच भजन जरा वेगळं लागतं." पण त्याने त्यावर अधिक विचार केला नाही.

त्याच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्याची अट एकच, बायको गाणारी हवी. मी लगेच माझ्या मावसबहिणीचं नाव काढलं. ती उरणकडची. तिचे वडील मिठागरावर मुकादम. लहानपणी सुट्टीत मी मावशीकडे जायची तेव्हा आम्ही दोघी एका पांघरुणात निजायचो, आणि ती झोप येईपर्यंत गुणगुणत असायची. इतका स्वच्छ गळा मी दुसरा ऐकलेला नाही.

सासूबाईंनी निरोप धाडला, मुलीला दाखवायला आणा. मावशीकडून उत्तर आलं, मुलीला लाँच लागते, उलट्या होतात, एवढ्यात आणता येणार नाही. तोवर तिचं गाणं ऐका. तिचा मामा मुंबईत एका दुकानात होता, तिथे माणसाचा आवाज तबकडीवर उतरवून द्यायचे. त्याने भाचीचं गाणं उतरवलं होतं. ती तबकडी धोतरात गुंडाळून भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आली आणि तिथून आमच्या घरी. सोबत पुडीत बाभळीचे काटे. निरोप असा, की ही थाळी मऊ असते, हिला लोखंडी पिन लावू नका, काटा लावा आणि फार वेळा वाजवू नका, झिजेल. मुलगी घरी राहून तिचा नुसता गळाच दाखवायला आलाय, हे पाहून मी तर थक्कच झाले. अख्खी आळी ऐकायला लोटली.

दिराने काटा बसवला, चावी दिली. आणि माझ्या बहिणीचा आवाज आला तो कापत, तुटत, धापा टाकत. मध्येच एक ओळ गाळून पुढे गेला. ऐकणारे एकमेकांकडे पाहू लागले. सासूबाईंनी सरळ सांगून टाकलं, "ही पोर धापते. हिला छातीचा आजार हाय."

त्या काळी त्या आजाराचं नावसुद्धा कुणी मोठ्याने घेत नसे. एकदा घरावर शिक्का बसला की ती मुलगी तर राहोच, तिच्या पाठच्या दोघी बहिणीही बिनलग्नाच्या राहायच्या. आणि ऐकायला आळीतल्या साऱ्या बायका बसलेल्या. हे बोलणं उद्या बाजारात जाणार आणि परवा लाँचवर चढणार, हे मला दिसत होतं. रागाने माझे कान तापले.

तेवढ्यात टेबलावरच्या तांब्याकडे लक्ष गेलं. पाण्यावर बारीक बारीक वळ्या उमटत होत्या.

"आई," मी म्हटलं, "थरथर तिच्या गळ्यात नाही, आपल्या टेबलात आहे. इंजिन थोडा वेळ थांबवा आणि परत ऐका."

सासऱ्यांपर्यंत हे गेलं. दारात भाताच्या गाड्यांची रांग, सुगी सरून गिरणीचे दिवस. ते म्हणाले, "एका थाळीसाठी इंजिन बंद करू? गाड्या जातील पल्याडच्या गिरणीवर." संध्याकाळी इंजिन थांबलं की ते लगेच आडवे व्हायचे, आणि मग घरात चमचा पडलेलाही त्यांना खपत नसे. तेव्हा जे काय करायचं ते इंजिन चालू असतानाच करायला हवं होतं. मी पदर खोचला.

दीर माझ्या बाजूचा. बहिणीची तबकडी झिजू नये म्हणून परीक्षेला आम्ही भजनीबुवाला बसवलं. आधी फोनोखाली चार पदरी गोधडी घातली. फोनोची पेटी एका अंगाला कलली, काटा घसरला आणि बुवा पहिल्या कडव्यावरून थेट शेवटच्यावर पोचले. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून चार कोपऱ्यांखाली लावले. थरथर पुष्कळ कमी झाली, पण चावी देताना पेटी होडीसारखी डुलायची. मासळी घेऊन येणाऱ्या बाईने जाळ्याची बुचं आणून दिली. त्यावर पेटी अगदी घट्ट बसली, म्हणून थरथरही जशीच्या तशी वर चढली. दिराचं म्हणणं, ट्यूबच बरी. मला ते अर्धंमुर्धं समाधान नको होतं. त्याने काथ्याच्या दोरांनी पेटी शिंक्यासारखी आढ्याला टांगली तेव्हा तर बुवांना हेलकावे बसायला लागले, आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

शेवटी गिरणीतलंच कामाला आलं. भाताच्या टरफलांचे, तुसाचे ढीग पडलेलेच होते. एक गोणी तुसाने ठासून भरली, टेबलावर आडवी घातली. पण नुसत्या गोणीवर पेटी रुतून वाकडी व्हायची. वर काहीतरी जड आणि सपाट हवं होतं. स्वयंपाकघरात जाऊन मी पाटा उचलून आणला. सासूबाई ओरडल्या, "माझा पाटा! चटणी कशावर वाटू, तुझ्या डोक्यावर?" मी ऐकलं न ऐकलं केलं. गोणीवर पाटा, पाट्यावर पेटी. तांब्या वर ठेवून पाहिला. पाणी गोठल्यासारखं स्थिर. बुवांना लावलं आणि बुवा पहिल्यांदाच आमच्या घरात ठणठणीत गायले. दीर तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग मी सासूबाईंना मुद्दाम समोर बसवलं आणि बहिणीची तबकडी लावायला सांगितली.

काय सांगू! तोच आवाज, माझ्या पांघरुणातला. एक सूर हलला नाही. पहिलं कडवं संपता संपता दीर उठलाच. "ऐकलंस ना आई? आता बोल!" आणि बापाला सांगायला गिरणीकडे पळाला.

मी मान ताठ करून सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कान पेटीकडे लावून बसल्या होत्या. कडव्यांच्या मधल्या जागेत, जिथे पहिल्या दिवशी नुसती खरखर होती, तिथे एक बारीक आवाज होता. दुरून आल्यासारखा. तोंड फिरवून, दाबून काढलेला खोकला. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा. तिसऱ्यानंतर लांबलेला.

मुलीला लाँच लागते. लहानपणी आम्ही दोघी त्याच लाँचच्या टपावर बसून शेंगा खायचो. तिला का आणलं नव्हतं ते मला आत्ता कळलं.

"आयकलंस ना गो?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"माझी धाकटी जाऊ अशीच तोंड फिरवून खोकायची. आम्ही म्हणायचो, सर्दी हाय." त्या उठल्या. "पाटा धर त्या बाजूनं."

आम्ही दोघींनी पेटी उतरवली, पाटा उतरवला, गोणी कोपऱ्यात ढकलली. पेटी परत उघड्या टेबलावर ठेवून सासूबाईंनी स्वतः ओटीवर जाऊन आळीतल्या बायकांना बोलावलं. सासरे आणि दीर आले. सगळ्यांसमोर तबकडी पुन्हा लावली. पुन्हा तेच कापणं, तेच तुटणं, आणि त्या खडखडाटात खोकला कुठल्या कुठे गेला.

"मी त्या दिवशी चुकले," सासूबाई म्हणाल्या. "छातीबितीचं काय न्हाय. पोरीला सूरच न्हाय. माझ्या पोराला बेसूर बायको नको."

या बाईने जन्मात कधी 'मी चुकले' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. दीर भांडला, आत्ता गोणीवर चांगलं लागत होतं, परत गोणी घाला म्हणाला. सासूबाईंनी पाटा चुलीपाशी ओढून नेला आणि सांगितलं, "वैनीची भैन म्हणून तुला गोड लागतंय." तो न जेवता मुंबईला निघून गेला आणि पुष्कळ दिवस आईशी बोलला नाही.

मला चुलीपाशी बोलावून सासूबाई म्हणाल्या, "उद्याच्या लाँचनं मावशीकडं जा. पोरीला मोठ्या डाक्टरला दाखवा म्हणावं. खोकला तू आयकलास म्हणून सांग. माझं नाव काढू नको. आम्ही आजाराला भिऊन नाकारली असं झालं तर गावोगाव त्याच नावानं वळखतील तिला. बेसूर म्हटलं तर काय कुणाचं लगीन रहात न्हाय."

मी गेले. मावशी आधी माझ्यावर उखडली, मग रडली. तिला वाटत होतं, मिठागरावरच्या वाऱ्याने धरलेला खोकला आहे, आलं-मध देऊन जाईल. मुंबईला छातीचा फोटो काढला, फुप्फुसावर डाग निघाला. वेळेत निघाला, असं डॉक्टर म्हणाले. दीड-दोन वर्षं इंजेक्शनं, आरामाचं हॉस्पिटल. लोकांना सांगितलं, मामाकडे शिकायला ठेवलीये. ती बरी झाली. अंगाने भरली आणि तिचं लग्नही चांगल्या घरी ठरलं.

त्या लग्नाला मी सासूबाईंना घेऊन गेले. जेवणाच्या पंगतीत मावशी जिलबी वाढत आली. माझ्या पानात चार घातल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या कानांनी माझी पोर वाचली." मग सासूबाईंच्या पुढे थांबली. "आणि तुम्ही हो विहीणबाई, माझ्या सोन्यासारख्या पोरीला बेसूर म्हणालात. अजून विसरले नाही मी."

सासूबाईंनी वर पाहिलं.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "मला गाण्यातलं काय कळतंय?" आणि पानातला भात कालवायला लागल्या. मावशी त्यांना जिलबी न वाढता पुढे गेली.