रद्द झालेल्या गेममधलं शेवटचं घर

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. मी लातूरला नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. कुणी भुताचा विषय काढला की "आधी त्याचं वस्तुमान सांगा, मग बोलू" म्हणून गप्प बसवायचो. आता नाही म्हणत.

माझा नाद जरा वेगळा आहे — टीव्हीला जोडून खेळायचे जुने गेम. त्यातही कंपनीनं अर्धवट बनवून रद्द केलेले. असे गेम कधीकधी इंटरनेटवर सापडतात आणि माझ्यासारखे हौशी लोक त्यात पदरचं काहीबाही घालून ते खेळण्याजोगे करतात. याला मॉड म्हणतात. नांदेडचा माझा मित्र श्रीकांत जुने कन्सोल, म्हणजे हे गेम चालवायची यंत्रं, दुरुस्त करतो, त्यानं असाच एक गेम दिला. एक खेडं, दगडी घरं, प्रत्येक दारात एक बाई उभी. जवळ गेलं की तिनं बोलायचं... पण आवाज भरायच्या आधीच कंपनीनं काम गुंडाळलेलं. दारंही उघडत नव्हती, कारण घरांच्या आत काही बनवलेलंच नव्हतं.

म्हटलं, यांना मराठी बोलायला लावू. आवाज आईचा घेऊ.

आईबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर भूकंपात गेलं. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. अख्ख्या घरातून ती एकटी वाचली, कारण अंगणात बाजेवर झोपली होती. तेव्हापासून ती कधी स्लॅबखाली झोपली नाही. थंडी असो, पाऊस असो, घरापुढच्या पत्र्याखाली तिची बाज. बाबा होते तोवर सांगून सांगून थकले. त्या रात्रीबद्दल जास्त विचारलं की ती उठून कामाला लागायची.

रेकॉर्डिंगला मात्र हौसेनं बसली. "या, बसा", "च्या घेता का", "लई दिसानं आलाव"... शेवटच्या एका घराचं राहिलं, तिचा घसा बसला. त्या जागी मी रिकामी फाइल टाकली — नुसती शांतता.

दुपारी जेवणं झाल्यावर तिला खेळून दाखवलं. स्वतःचा आवाज ऐकून ती तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटच्या घरापाशी गेलो आणि बंद दाराच्या आतून आवाज आला. कोवळा, मुलीचा.

"अक्का... वळग बा."

मला काही कळलं नाही. आईचं हसू मात्र तिथंच थांबलं.

मी फाइल तपासली. रिकामीच. श्रीकांतला फोन लावला, त्याच्याकडंही माझाच मॉड होता. म्हणाला, "न्हाई रे, शेवटची बाई गप्पच हाय. तू लई क्लास घेऊन राहिलास, झोप काढ जरा."

त्यानंतर आई स्वतःच गेम लावू लागली. मोबाईलला हात न लावणारी बाई! मी क्लासहून यायचो तर ती टीव्हीपुढं आणि ताट झाकलेलं तसंच. मला भीती वाटू लागली. आईवाचून मला कुणी नाही.

क्लासमधल्या बिदरच्या एका मुलीला त्या शब्दांचा अर्थ विचारला. "सर, कन्नड आहे. ताई, आत ये." आमच्या घरात कन्नड कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पुढचा तास सोडून घरी आलो.

पडद्यावर शेवटच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत, जिथं काही बनवलेलंच नव्हतं, तिथं चूल होती, मांडणी होती. जमिनीवर दोन अंथरुणं. एकावर कुणीतरी पांघरूण घेऊन निजलेलं. दुसरं रिकामं.

मी वायरच उपसली. "आई, कोण आहे ती?"

"सुमी. माझी धाकटी बहीण." हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "त्या रात्री डास लई चावलालते म्हणून आत गेली. आतून सारखी बोलवलालती, अक्का, आत ये. आम्ही घरात कन्नडच बोलायचो रे. मी म्हणले, तू नीज, येते मी."

"आई, हा गेम आहे."

"हाव, मला कळत न्हाई का?" ती शांतपणे म्हणाली. "पण मी येते म्हणले होते."

मी डिस्क मोडली, कन्सोल नांदेडला श्रीकांतच्या हवाली केला. त्याच रात्री आईनं पत्र्याखालची बाज सोडली आणि आतल्या खोलीत झोपायला गेली. बाबा असते तर पेढे वाटले असते. पण तिनं जमिनीवर दोन अंथरुणं घातली होती. सकाळी पाहिलं तर दोन्ही चुरगळलेली. रोज तसंच असतं. आई चांगली जेवते, हसते, कधी नव्हे ती गुणगुणते. मी काही विचारायला धजत नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर जरूर सांगा, टिंगल केली तरी चालेल.

आता पत्र्याखाली त्या बाजेवर मी झोपतो. कालपासून आतल्या खोलीत तिसरं अंथरूण घातलेलं आहे. दिवे मालवले की आतून हाक येते, "वळग बा." आवाज आईचाच असावा.

मी अजून "येतो" म्हटलेलं नाही.