बंद ड्रमच्या आतलं कुंकू

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. कोपरगावात येवला रस्त्याला आमचं गॅरेज होतं आणि यांच्या जोडीने मी स्वतः सुटे भाग रॉकेलने धूत असे. तिथे जे झालं ते सांगते. अर्थ तुम्हीच लावा.

एकाहत्तर सालचा दसरा. एका ऊस बागायतदाराची लांबलचक अमेरिकन गाडी आमच्याकडे आली होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स... क्लचचं पेडलच नाही! रिव्हर्स पडेना. असला गिअरबॉक्स आमच्या भागात कुणी उघडलेला नव्हता. दसऱ्याला गाडी पूजेला दारात पाहिजे, नाहीतर उचलून मुंबईला नेतो, असं मालकांनी बजावलं होतं. तसं झालं असतं तर गावभर आमचं हसं झालं असतं.

जळलेल्या प्लेटा बदलून अन्वर फिटरने गिअरबॉक्सच्या आतल्या, रिव्हर्सच्या क्लचचा डब्यासारखा ड्रम माझ्यासमोर बंद केला. आत पिस्टन, त्याला रबरी सील, वर प्लेटा आणि शेवटी लॉकची रिंग. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे हत्यारांना सुट्टी. पान्हे पाटावर मांडून झेंडू वाहिला. सासूबाईंना ड्रमलाही कुंकू लावायचं होतं. मी साफ नाही म्हटलं, कारण या गिअरबॉक्समध्ये कणभर कचरा गेला तरी संपलं. ड्रम धुतलेल्या धोतरात गुंडाळला, गॅरेजमागच्या सामानाच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

दसऱ्याच्या सकाळी धोतर सोडलं, तर ड्रमवर कुंकवाचं बोट.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पुऱ्या लाटत होत्या.

"म्या कशाला जाते तिकडं? किल्ली तुझ्याच कमरंला हाय न्हवं?" मानसुद्धा वर केली नाही.

माझा विश्वास बसला नाही. कुंकू आत गेलं असेल म्हणून अन्वरला ड्रम खोलायला सांगितला.

"वहिनी, वरनं पुसा अन् बसवू. उगं टाइम जाईल," तो कुरकुरला. यांचंही तेच मत. मी ऐकलं नाही.

रिंग काढली, प्लेटा काढल्या, पिस्टन उचलला. सीलची कड एका जागी दुमडली होती. तशीच बसवली असती तर तेलाचा दाब गळून रिव्हर्स पुन्हा पडलाच नसता. आणि नेमकं त्या घडीवर कुंकू होतं. आजूबाजूला सगळं तेल... पण कुंकू कोरडं! करंड्यातून काढावं तसं बोटाला आलं.

अन्वर कितीतरी वेळ हात पुसत राहिला. "वहिनी, माझ्याकडं बघू नका," एवढंच म्हणाला.

सील सरळ केलं, सगळं पुन्हा धुतलं. दिवस मावळायच्या आत गाडी रिव्हर्समध्ये गॅरेजबाहेर आली. मालकांनी यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

वरचं बोट मी अजूनही सासूबाईंचंच धरते. दुसरी किल्ली कुठेतरी असणारच. त्या शेवटपर्यंत कबूल झाल्या नाहीत. पण आतलं? ड्रम बंद होताना मी समोर होते.

त्यानंतर दर खंडेनवमीला मी भाग तसेच गुंडाळले. बोट पुन्हा कधी उमटलं नाही. त्याने निर्धास्त व्हायला हवं होतं... पण बंद ड्रम हातात घेतला की वाटायचंच — आत सगळं ठीक आहे, की चूक असूनही या वेळी कुणी सांगितलं नाही?