उताराच्या टोकाचा नळ

पंपघरातल्या म्हाताऱ्यांना सगळी वस्ती टाकीवाले म्हणे. एकतीस वर्षं त्यांनी पाण्याच्या टाकीत रोज एकाच मापाने ब्लीचिंग पावडर घातली आणि त्यांच्या कारकिर्दीत जुलाबाची साथ म्हणून आली नाही. हे ते भेटेल त्याला ऐकवत, न भेटेल त्याला बोलावून ऐकवत. निवृत्त झाल्यावर जागा धाकट्या मुलीला मिळाली, तेव्हा त्यांनी एकच बजावलं, "मापाला हात लावू नकोस."

पोरगी हट्टात बापाच्या वरताण. यंदा उन्हाळा दीड महिना आधीच येऊन ठाण मांडून बसला होता. टाकीजवळच्या नळाच्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकले की ते पिवळं होई, म्हणजे औषध शाबूत. तिचं तेवढ्याने भागेना. सायकल हाणत ती उताराच्या टोकाला, वस्तीच्या शेवटच्या नळाजवळ राहणाऱ्या शिंपिणीकडे गेली. तिथल्या पाण्यात थेंब टाकले, तर रंगाचा पत्ता नाही.

"बाबा, पत्र्याखाली पोती तापून पावडरीतला दम गेलाय. उरलंसुरलं औषध गरम पाइपात संपतं. माप वाढवायला हवं."

"मग एकतीस वर्षं मी काय गोट्या खेळलो?"

"तेव्हा एवढं ऊन होतं का, सांगा!"

वस्तीची समिती म्हणाली, टाकीवाले हो म्हणतील तर बदलू. टाकीवाले गाल फुगवून बसले.

तिसऱ्या दिवशी अवेळी आभाळ फाटलं, गटारं रस्त्यावर आली. पलीकडच्या वस्तीतली माणसं जुलाबाने दवाखान्यात भरती होऊ लागली. म्हातारे उठले, थेंबांची बाटली घेऊन उतार उतरले. शिंपीण त्याच नळाच्या पाण्यात नातीचं दूध कालवत होती. त्यांनी पाण्यात थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. ते ओरडले,

"ओतून टाक ते दूध! आधी पाणी उकळ!"

त्याच दुपारी पोरीने माप वाढवलं, पोती सावलीत हलवली. म्हातारे तिच्याबरोबर दारोदार फिरले. "ही सांगते तसं करा. माझं माप आता चालत नाही," असं ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले आणि लोक बघतच राहिले.

पलीकडे त्रेचाळीस जण आजारी पडले. इकडे दोघेच, तेही चार दिवसांत बरे झाले. तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला विचारलं, "शेवटच्या नळापर्यंत जायचं कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी."

"साफ खोटं!" टाकीवाले ताडकन म्हणाले. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "मी जन्मात त्या नळाकडे फिरकलो नाही. हे डोकं तिचं आहे, बाई. तिचंच नाव लिहा."