चौकोनी पायांचा ऑक्टोपस

बागेतल्या बाकावर एक म्हातारा रोज मुलांना ऑक्टोपस काढायला शिकवायचा, तेही फुकट. मला त्याचा संशय यायचा. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून फोनमध्ये बघत असल्यासारखं दाखवून मी त्या मुलांत बसलेल्या माझ्या भाचीवर लक्ष ठेवायचे.

चौकटीच्या वहीत तो एकेक चौकोन मोजून भरायचा. ऑक्टोपसच्या पायांना गोलाई नव्हतीच, नुसत्या पायऱ्या. चारच पाय काढायचा. मग कागद दुमडून उरलेले चार मुलांना गिरवायला लावायचा.

एकदा त्याने भाचीला विचारलं, "रात्री काय पांघरतीस गं?"

मी तिला ओढतच घरी आणलं. ती रडत म्हणाली, "मावशी, ते सगळ्यांना विचारतात! आधी कारखान्यात चादरींची डिझाइनं काढायचे ना ते, अशाच चौकटीच्या कागदावर."

पलंगावर पडलेल्या तिच्या पांघरायच्या चादरीवरचे मोर मी पहिल्यांदाच नीट पाहिले. पिसाऱ्याला पायऱ्या होत्या आणि डावा मोर उजवीकडे आरशातल्यासारखा उलटा उमटला होता.

दुसऱ्या दिवशी मला पाहताच त्याने वही मिटली. मी कसंबसं म्हणाले, "माझी भाची मोराची चादर पांघरते."

"डोळा लाल हाय?"

"हो."

"मग माजीच की ती!"

सगळ्यांना असंच सांगत असेल, असं मनात आलंच. तरी मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.